नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश!

घराण्यात तुम्ही एकटेच पुण्या-मुंबईत नोकरीला असाल, तर तुम्हाला दोन नोकऱ्या आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिलीचा पगार मिळतो. दुसरी म्हणजे घराण्याचा आयटी सपोर्ट. चोवीस तास, बिनपगारी, आणि राजीनाम्याची सोय नाही. आत्याचं व्हॉट्सॲप 'हँग' झालं, काकांचा ओटीपी येत नाहीये, ताईच्या सासऱ्यांचा प्रिंटर रुसलाय... फोन कुणाला? तुम्हालाच!

मी तर मास कॉम केलंय. बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते मला शिकवलं होतं, मदरबोर्डचं काही शिकवलं नव्हतं. पण हे माझ्या मामांना कोण समजावणार? "मास कॉम म्हंजे कम्प्युटरचंच झालं ना थे," असा निकाल त्यांनी मी एफवायला असतानाच दिला होता. त्यावर अपील नाही.

मामा राहतात सेलूला. वर्धा जिल्ह्यातलं, वर्धा-नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. तिथं त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे. एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकचं स्टूल. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कॉलेजच्या पोरांची स्कॉलरशिप... आसपासच्या खेड्यांतले लोक कागदांची पिशवी काखोटीला मारून येतात आणि मामा त्यांचे फॉर्म भरून देतात. आपण ज्याला 'डिजिटल इंडिया' म्हणतो, तो तिथं त्या स्टुलावर बसलेला असतो.

या दिवाळीत वर्ध्याला उतरले आणि आईने चहाचा कप हातात द्यायच्या आत मामांचा फोन. "पोरी, पहिले दुकानात ये. कम्प्युटर पागल होऊन रायलं."

गेले. क्रोम उघडलं. नेहमीच्या गुगलच्या जागी एक अनोळखी सर्च पेज. वर ढगाचं चित्र, हवामान, मधोमध भलामोठा भिंग. त्यात काही टाइप केलं की ॲड्रेस बारमध्ये दोन-तीन पत्ते भराभर बदलायचे आणि मग रिझल्ट यायचे. उजव्या कोपऱ्यात दर मिनिटाला एक चौकोन टपकायचा : 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत!' त्यामागून वजन घटवायचा चहा, त्यामागून वशीकरणवाले बाबा. बँकेचं पान उघडलं तर तिथंही खाली चपलांची जाहिरात. बँक कधीपासून चपला विकायला लागली?

मी आधी जाम हसले. मामांनाही हसू आलं. मामी मात्र हसल्या नाहीत. "तिले ते पोरीचं सांगा ना," त्या मामांना म्हणाल्या.

मग ते कळलं. जवळच्या खेड्यातली एक मुलगी, नर्सिंग पूर्ण केलेली, परदेशात नोकरीचं बघतेय. पासपोर्टचा फॉर्म भरायला वडिलांना घेऊन आली होती. मामांनी सवयीने सर्चमध्ये 'पासपोर्ट अप्लाय' टाकलं आणि पहिल्या रिझल्टवर क्लिक केलं. साइट अगदी सरकारी वाटेल अशी. तिरंग्याची पट्टी, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्र. नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, आधारची स्कॅन कॉपी... सगळं भरलं. 'फी' दोन हजार आठशे. वडिलांनी खिशातल्या नोटा मोजून दिल्या, मामांनी ऑनलाइन भरले. आठ दिवस झाले, अपॉइंटमेंट नाही. फोन लागेना. खरी साइट वेगळीच आहे, आणि ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे, हे तेव्हा समजलं.

मामांनी तिचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले. खऱ्या साइटवर फॉर्म पुन्हा भरून दिला, त्याची फीही घेतली नाही. गावात दुकान चालवायचं तर नाव सांभाळावं लागतं. पण त्या मुलीच्या आधारची कॉपी कुठल्या कुणाकडे गेली, ती कुणी कशी परत करायची?

आता मी खुर्ची पुढे ओढली.

तर या प्रकाराला म्हणतात ॲडवेअर. ब्राउझरमध्ये शिरलेलं जाहिरातींचं भूत. आपल्याला वाटतं हा नुसता त्रास आहे, डासांसारखा. पण हा रीतसर धंदा आहे. तुमचा सर्च मधल्या पत्त्यांवरून वळवला की त्या प्रत्येक वळणावर कुणाला तरी कमिशन मिळतं. तुमच्या पानावर त्यांनी स्वतःची जाहिरात डकवली, तुम्ही चुकून क्लिक केलं, पैसे त्यांना. वरच्या चार रिझल्टच्या जागा ते भाड्याने देतात, आणि भाडेकरू कोण आहे ते विचारत नाहीत. म्हणून तिथं पासपोर्टची नकली साइट आरामात येऊन बसते. अशा नकली साइट्सपासून सावध राहा, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने स्वतःच्या पासपोर्ट पोर्टलवरच देऊन ठेवलाय. पण तो वाचायला आधी खऱ्या पोर्टलवर पोहोचायला हवं ना!

आणि यात आपला देश मागे नाही बरं का. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सिक्युरिटी कंपनीने 'फायरबॉल' नावाचं प्रकरण उघड केलं. बीजिंगच्या राफोटेक या डिजिटल मार्केटिंग कंपनीने फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत ब्राउझर बदलून टाकणारा प्रोग्रॅम पसरवला होता. चेक पॉइंटचा अंदाज होता, जगभरात २५ कोटी कम्प्युटर, त्यातले सगळ्यात जास्त भारतात : सुमारे २ कोटी ५३ लाख. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं, ते सोडा. खरी मेख आकड्यात नव्हतीच. तोच प्रोग्रॅम त्या मशीनवर दुसरं काहीही उतरवून चालवू शकत होता. आज जाहिरात, उद्या काय ते त्यांच्या मर्जीवर.

"मामा, मागच्या दोन-तीन महिन्यांत काय डाऊनलोड केलं होतं?"

"मी? काहीच नाही बापा. आपोआपच आलं."

हे वाक्य जगातला प्रत्येक मामा म्हणतो. मी कंट्रोल पॅनेल उघडून प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली. आणि सापडलं. ऑगस्टमधल्या एकाच दिवशी तीन पाहुणे आले होते. एक 'फोटो रिसायझर', एक 'हेल्पर' आणि एक 'अपडेटर'.

फोटो रिसायझर म्हटल्यावर मामांना आठवलं. आणि खरं सांगू? मला त्यांचा राग नाही आला, फॉर्म बनवणाऱ्यांचा आला. कुठल्या पोर्टलला फोटो ५० केबीच्या आत हवा, कुठे सही २० केबीच्या आत, कुठे सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये. समोर स्टुलावर माणूस बसलाय, शेवटची तारीख आज आहे, मोबाइलचा फोटो ४ एमबीचा. अशा वेळी माणूस 'फ्री फोटो रिसायझर' शोधणार नाही तर काय करणार? पहिलं दिसलं ते उतरवलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश! दुसऱ्या 'नेक्स्ट'च्या पानावर खाली बारीक अक्षरात आधीच टिक केलेला एक चौकोन होता, तो कोण वाचतो? तुम्ही वाचता? मी नाही वाचत.

ही युक्ती नवी नाही. मी शाळेत असताना वर्ध्याच्या सायबर कॅफेत ब्राउझर उघडला की अर्धा स्क्रीन टूलबारांनीच भरलेला असायचा. जावासारख्या नामांकित सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनमध्येसुद्धा त्या काळी आस्कचा टूलबार यायचा. टूलबार गेले, त्यांच्या जागी एक्स्टेन्शन आली. बाकी सगळं तेच.

म्हटलं, दहा मिनिटांचं काम. क्रोमचे तीन टिंब, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. ते ढगवालं एक्स्टेन्शन समोर होतं, पण 'रिमूव्ह'चं बटणच नाही! आणि मेन्यूच्या तळाशी एक ओळ : 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन.' तुमची संस्था हा ब्राउझर चालवते.

मामा चष्मा वर करून म्हणाले, "कोनती ऑर्गनायझेशन? आपली ऑर्गनायझेशन म्हंजे मी अन् तुही मामी."

मामींनी लॅमिनेशन करता करता सांगितलं, "मी तं काहीच मॅनेज नाही केलं."

विनोद बाजूला ठेवू, कारण ही ओळ महत्त्वाची आहे. कंपन्यांच्या आयटी विभागासाठी क्रोममध्ये 'पॉलिसी' नावाची सोय असते. ऑफिसच्या सगळ्या लॅपटॉपवर अमुक एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचं, ते कर्मचाऱ्याला काढता येऊ नये, वगैरे. ॲडवेअरवाले हीच सोय वापरतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद टाकली की क्रोमला वाटतं, साहेबांचा हुकूम आहे. (ऑफिसच्या लॅपटॉपवर ही ओळ दिसली तर कृपा करून हात लावू नका. तिथं साहेब खरे असतात!)

ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की सगळे हुकूम दिसतात. मामांच्या मशीनवर एकच होता : सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी आणि त्यात ३२ अक्षरांचं एक अगम्य नाव. रजिस्ट्रीत जाऊन सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम अशी वाट काढत मी ती नोंद उडवली. रीस्टार्ट. मामींनी चहा आणला. क्रोम उघडलं.

ढग हजर. भिंग हजर.

दुसऱ्यांदा उडवलं. पुन्हा हजर. एव्हाना दुकानात चार गिऱ्हाइकं जमली होती आणि 'पुण्यावरून आलेली इंजिनीअर' काय करते ते बघत होती. इज्जतीचा सवाल झाला ना!

मग ट्यूब पेटली. मी शेंडा खुडत होते, मूळ तसंच. तो 'अपडेटर' दर वेळी कम्प्युटर सुरू झाला की नोंद पुन्हा लिहीत होता. म्हणजे क्रम उलटा हवा. आधी ते तिन्ही प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केले. तिथंही नाटक : 'ठेवा' असं हिरवं मोठं बटण आणि 'तरीही काढा' असं करड्या रंगात, दिसेल न दिसेल असं. मग विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये त्याने लावून ठेवलेलं काम सापडलं, ते पुसलं. मग रजिस्ट्रीतली नोंद. मग रीस्टार्ट. आता 'रिमूव्ह'चं बटण उगवलं होतं. ते दाबताना जो आनंद झाला, तो मला पहिल्या बायलाइनच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

तरी कोपऱ्यातले बाबा वशीकरण करतच होते. ते एक्स्टेन्शनचे नव्हतेच. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाव दाबा' असं सांगणाऱ्या साइट्सवर कुणीतरी इमानदारीत अलाव दाबलं होतं. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या तेवीस साइट्स निघाल्या. तेवीसच्या तेवीस ब्लॉक. शेवटी क्रोम रीसेट. घाबरू नका, त्यात बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. क्रोममध्ये पूर्वी यासाठी स्वतःचं सफाईचं टूल होतं, ते मार्च २०२३ मध्ये गुगलने बंद केलं. मालवेअरबाइट्सचं ॲडक्लीनर मात्र फुकट मिळतं, ते एकदा फिरवून घेतलं. आपल्या सरकारनेही २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलंय, तिथं मोफत सफाईची टूल्स आहेत. नाव ऐकून मामा खूश. सेवाग्रामच्या जिल्ह्यात स्वच्छता म्हटलं की माणूस लगेच ऐकतो.

इथवर मी हिरॉइन होते.

मग एक्स्टेन्शनच्या पानावर वरती क्रोमने एक सूचना दाखवली. हे 'सेफ्टी चेक' २०२३ पासून आलंय : तुमच्याकडे असलेलं एखादं एक्स्टेन्शन स्टोअरमधून काढून टाकलं असेल तर ते सांगतं. मामांकडे तसं अजून एक होतं. पॉलिसी मोडल्यामुळे काढून टाकलेलं. लांबलचक पानाचा अख्खा स्क्रीनशॉट घ्यायचं एक्स्टेन्शन.

ते मी टाकलं होतं. दोन दिवाळ्यांपूर्वी. फॉर्म भरल्यावर पावतीचं पान नीट सेव्ह होत नाही, अशी मामांची तक्रार होती. मी ऐटीत दोन क्लिक केले आणि "घ्या, झालं!" म्हटलं. तेव्हा चौकोनात जे लिहून आलं होतं ते मला आजही आठवतं, कारण ते प्रत्येक वेळी येतं आणि प्रत्येक वेळी मी पुढे जाते : हे एक्स्टेन्शन सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. सगळ्या. वाचू. आणि बदलू.

तेव्हा ते चांगलंच होतं हो! चार स्टार होते, माझ्या ऑफिसातले निम्मे लोक वापरायचे. पण एक्स्टेन्शनची गंमत अशी की ते मागच्या मागे स्वतःला अपडेट करतं, आणि त्याचा मालक बदलला तर तुम्हाला कुणी कळवत नाही. 'द ग्रेट सस्पेंडर'चं तेच झालं. वीस लाखांवर लोक वापरत होते, नको असलेले टॅब झोपवून ठेवणारं भलं एक्स्टेन्शन. जून २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. मधल्या काळात ज्यांच्या ब्राउझरमध्ये ते होतं, त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. २०२० च्या जुलैत आपल्या सर्ट-इननेही इशारा दिला होता, क्रोमची शंभराहून जास्त एक्स्टेन्शन्स माहिती गोळा करताना सापडली आहेत म्हणून. तो मी वाचला होता. त्यावर तीनशे शब्दांची बातमीसुद्धा लिहिली होती. आता बोला!

मी मामांच्या मशीनवरच्या त्या ओळीकडे बघत बसले. दोन वर्षं. किती सातबारे, किती आधार नंबर, किती बँक खाती त्या ब्राउझरमधून गेली असतील? त्यातलं त्या स्क्रीनशॉटवाल्याने काय वाचलं, काय नाही, हे शोधायचा माझ्याकडे काही मार्ग नाही. त्याने काहीच केलं नसेलही. पण दार मीच उघडं ठेवून गेले होते.

"काय झालं? निघत नाही का?" मामांनी विचारलं.

"निघालं," मी म्हटलं. आणि मग सांगून टाकलं. मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू तं चांगल्यासाठीच केलं होतं ना." पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं बसलो. फोटो लहान करायला पेंट पुरतो, त्यातलं 'रीसाइज' मामांना शिकवलं. पानाची पावती हवी असेल तर कंट्रोल-पी आणि 'सेव्ह ॲज पीडीएफ', त्याला कुठलंच एक्स्टेन्शन लागत नाही. (हे मला दोन वर्षांपूर्वी सुचलं असतं तर!) पासपोर्ट, सातबारा, स्कॉलरशिप अशा बारा सरकारी साइट्सचे खरे पत्ते बुकमार्क बारवर लावले. आता सर्च करायचंच नाही. विंडोज सिक्युरिटीत नको असलेले ॲप अडवणारं बटण असतं, ते चालू केलं. मामांच्या मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, तोही त्या मशीनवरून नाही, मोबाइलवरून.

त्या मुलीलाही फोन केला. १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांगितलं, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं कसं ते समजावलं. पैसे गेल्या गेल्या तासाभरात १९३० ला फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आता उशीर झाला होता, पण तिची माहिती कुठे वापरली गेलीच, तर हाताशी तक्रारीचा नंबर असावा. ती फोनवर अगदी नम्रपणे म्हणाली, "थँक्यू ताई, तुम्ही एवढं केलं." मी काय केलं होतं ते तिला माहीत नव्हतं. मी तेव्हा सांगितलंही नाही.

रात्री घरी येऊन माझा स्वतःचा लॅपटॉप उघडला. अकरा एक्स्टेन्शन्स. रोज वापरते त्यातली तीन. कूपन शोधून देणारं, स्पेलिंग तपासणारं, यूट्यूबचं बॅकग्राउंड काळं करणारं, एकाचं तर नावही आठवेना. स्क्रीनशॉटवालं तिथंही होतंच. याच ब्राउझरमधून मी इन्कम टॅक्स भरते, संपादकांना कॉपी पाठवते आणि माझ्या सोर्सेसशी बोलते. आठ उडवली. कूपनवालं उडवताना हात थोडा थांबला, खोटं कशाला बोलू. सेल चालू होता.

परवा मामांचा फोन आला. पुण्यात, भर मीटिंगमध्ये. बाहेर येऊन उचलला.

"पोरी, एक पीडीएफ जोडायचं आहे. इथं लिहून आलं का फ्री आहे, अलाव करा. गिऱ्हाईक बसलं आहे. करू का?"

"नाही मामा! हात काढा माउसवरून!"

"काढला," मामा म्हणाले. "आता बोल, जोडू कसं?"

मीटिंग सोडून मी वीस मिनिटं जिन्यात उभी होते.